चौथी यादी

९ जानेवारी

वर्षा आजही डबा घेऊन गेली. पोळी, मेथी, लिंबाचं लोणचं. ऑफिस नाही हे तिला ठाऊक, मला ठाऊक. डबा बिचारा रोज कामावर जातोय.

दिवाळी झाली आणि तिला घरी बसवलं. ठाण्याच्या त्या ऑफिसात कानाला हेडफोन लावून परदेशातल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकायचं आणि टाइप करायचं, पेशंटला काय झालं, काय दिलं. तरुणपणी लागली, चाळिशीला आली. आता ते मशीन करतं. मला सांगितलं तेव्हा हात धरून म्हणाली, "आई, बाहेर कुणाला नाही हं. पाटीलबाईंना तर नाहीच नाही." पाटीलबाई म्हणजे समोरचं दार. त्यांना कळलं म्हणजे मानपाड्यापर्यंत कळलं.

दिवसभर कुठे बसते? विचारलं तर म्हणते, "असते."

संध्याकाळी बुद्धविहारात. वाचनालय वरच्या खोलीत, किल्ली माझ्याकडे. चिटणीस गायकवाड भाऊ बँकेतून निवृत्त झाले, आवाज अजून काउंटरवरचाच. म्हणाले, "ताई, मराठी भाषा दिनाला आपण कृत्रिम बुद्धिमत्तेवर वाचनाच्या याद्या काढायच्या. मुलांची वेगळी, महिलांची वेगळी, ज्येष्ठांची वेगळी. तुमच्याशिवाय कोण करणार?" एरवी मी म्हटलं असतं, भाऊ, सातवी शिकलेल्या बाईला कुठे... आज पटकन हो म्हटलं.

माझ्या पोरीचं काम ज्याने नेलं ते आहे तरी काय, बघू या.

१२ जानेवारी

इथून पुढे वहीत कृ.बु. लिहिणार, आणि वर्षाला नुसतं व. पूर्ण शब्द लिहिता लिहिता बोटं धरतात.

माझी पद्धत जुनी. शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचल्याशिवाय पुस्तक यादीत घालायचं नाही. आणि प्रत्येक यादीखाली दोन ओळी लिहायच्या, कुणी कुठून सुरुवात करावी. त्या लिहिताना मी नेहमी एक खरं माणूस डोळ्यांसमोर धरते, नाहीतर पेन चालतच नाही. आरोग्याच्या यादीखाली लिहिलेलं, "जिना चढताना ज्यांना दम लागतो त्यांनी आधी दुसरं वाचावं." ते गायकवाड भाऊंसाठी. त्यांना पत्ता नाही. नेलं मात्र दुसरंच आधी.

कृ.बु.वर मराठीत पुस्तकं मोजकी. बाकी कात्रणं, आणि थोडं इंग्रजी. माझं इंग्रजी औषधाच्या कारखान्यात खोकी भरता भरता शिकलेलं. "लहान मुलांपासून दूर ठेवा" इथपर्यंत एकदम पक्कं. पुढे डिक्शनरी.

१४ जानेवारी

पाटीलबाई तीळगूळ घेऊन आल्या. "वर्षा नाही? आज पण ऑफिस?" मी म्हटलं, "हो ना, त्यांचे परदेशी डॉक्टर, त्यांना कुठली संक्रांत." खोटं इतक्या सहज निघालं की माझंच मला वाईट वाटलं.

जेवताना व.चा उजवा पाय टेबलाखाली हलत होता. ऑफिसात पायाखाली पेडल असायचं. दाबलं की डॉक्टर बोलतो, टाच मागे घेतली की थोडं मागे जाऊन परत बोलतो. म्हणजे हात टाइप करायला मोकळे. आता पायाखाली काही नाही. तरी दाबते, सोडते, दाबते.

मी भाजी वाढायच्या निमित्ताने उठले. बघवेना.

१५ जानेवारी

मुलांची यादी झाली. वाचनालयात येणाऱ्या पोरांना दाखवली. एक जण म्हणाला, "आजी, हे सगळं आम्ही त्यालाच विचारतो ना." मी विचारलं, "मग ते चुकतं कधी?" म्हणाला, "चुकतं ना. पण ओरडत नाही."

यादी फाडली. नव्याने करणार. जे ओरडत नाही त्याच्यावर विश्वास का बसतो, तिथून सुरू करायचं.

१८ जानेवारी

आज चूक झाली का बरं झालं, कळत नाही.

रविवार, व. घरी. मी मेथी निवडताना कात्रण मोठ्याने वाचत होते. मोठ्याने वाचलं की मला जास्त समजतं. त्यात होतं, ही यंत्रं माणसांनी केलेल्या दुरुस्त्यांवरून शिकतात. एवढं वाचलं आणि आतल्या खोलीतून व. आली. केस विस्कटलेले.

"मीच शिकवलं त्याला, आई."

म्हटलं काय ते नीट सांग. उभ्या उभ्याच बोलत सुटली. शेवटी शेवटी टाइप करायचं काम नव्हतंच. मशीन लिहायचं, हिने ऐकून त्याच्या चुका काढायच्या. एक म्हातारा डॉक्टर होता, तोंडात लिमलेटची गोळी धरून बोलायचा, ऑफिसात कुणाला त्याचं एक अक्षर कळत नसे. सगळे म्हणायचे, वर्षाकडे द्या. हिला त्याचा श्वास ऐकून कळायचं, आता वाईट बातमी सांगणार आहे. "त्याचा शब्द न् शब्द मी दुरुस्त केला, आई. किती जीव लावून केला. साहेब म्हणायचे, तुझ्यामुळे ते किती सुधारलं बघ. मला आनंद व्हायचा गं. मूर्खासारखा आनंद व्हायचा."

मग म्हणाली, "तुझ्या पुस्तकात माझ्यासारखीचं नाव असतं का कुठे?"

नव्हतं. सगळी चाळली. शोध लावणाऱ्यांची नावं आहेत, पैसे घालणाऱ्यांची आहेत. शिकवणारी कुठेच नाही.

२२ जानेवारी

बाळकुमला गेलेले, शकूकडे. माझी धाकटी बहीण, टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर राहते आणि अजून पाणी भरून ठेवते. महिलांची यादी तिच्या भिशीच्या बायकांना दाखवावी असा बेत.

तिच्या गेटपाशी हिराबाई बसते, कोलशेतची कोळीण. शकू तिच्याकडून मासे घेता घेता मैत्रीणच झालीय. तिलाही यादी दाखवली. ती म्हणाली, "मना वाचता येत नाय गो बाय. ही तुझी यादी मी काय पाटीवर झाकू?"

मग विचारते, "ता मशीन बोंबील ताजा का शिला सांगल?"

म्हटलं, फोटो दाखवला तर कदाचित सांगेल.

"फोटूला वास येतो?"

मासे घ्यायला आलेल्या सगळ्या हसल्या. मीही. मग ती मासे कापता कापता, मान वर न करता म्हणाली, "आमचे खाडीतला मासा गेला, तवा आमाना कोनी पुस्तक नाय दिला. आता सगल्यांचा जायला लागला, तर याद्या निघाल्या."

बोंबील घेतले आणि परत आले. रस्ताभर तेच कानात.

२४ जानेवारी

व. आज डबा घेऊन गेली नाही. "बरं वाटत नाही." झोपून.

२६ जानेवारी

झोपूनच. चहा दिला, गार झाला. परत दिला, परत गार.

"कुठे दुखतंय का?"

"नाही."

"मग?"

"मला काही नकोय, आई. नुसतं शांत हवंय सगळं. कायमचं."

कायमचं हा शब्द तिने सहज वापरला असेल. असेलच. पण रात्री दोनदा उठून तिचा श्वास ऐकून आले.

२८ जानेवारी

दवाखान्यात चल म्हटलं तर भिंतीकडे तोंड. ह्यांच्या फोटोसमोर उभी राहिले. तुम्ही असता तर तिला हसवलं असतं. मला फक्त पुस्तकं देता येतात.

म्हणून आज चौथी यादी लिहायला घेतली. गायकवाड भाऊंनी सांगितलेली नाही. "काम गेलेल्यांसाठी." कृ.बु. म्हणजे काय हे त्यात कमी. दुसऱ्या नंबरला जुन्या गिरणी कामगाराने लिहिलेलं पुस्तक, काम गेल्यावर सकाळी उठून करायचं काय याबद्दल. तिसऱ्याला एक धीर धरायला सांगणारं. एक कात्रण, यंत्राला शिकवणाऱ्या माणसांवरचं, शेवटी सापडलं एकदाचं. एक पक्ष्यांचं पुस्तक, त्यात कृ.बु.चा संबंध नाही, पण लहानपणी व.ने ते चारदा नेलेलं.

मला कसं ठाऊक? खुणेवरून. वाचनालयाच्या पुस्तकात प्रत्येकाची चोरटी खूण असते, हे आपण वाचलंय हे पुढे लक्षात राहावं म्हणून. कुणाचा बरोबरचा टिक, कुणाचं फूल. मी रागावते आणि सगळ्यांच्या खुणा पाठ करून ठेवते. व.ची खूण छत्री, अगदी एवढीशी, पहिल्या प्रकरणाच्या शेवटी. त्या पक्ष्यांच्या पुस्तकात चार छत्र्या आहेत.

३१ जानेवारी

चौथी यादी पूर्ण. खालच्या दोन ओळी लिहिताना मात्र पेन आपसूक चाललं. माणूस डोळ्यांसमोर होतंच.

गायकवाड भाऊंनी वाचली. "ही कशाला? आपल्याकडे कोण आहे असं?"

"असेल कुणीतरी."

चष्म्यावरून बघितलं माझ्याकडे, पुढे विचारलं नाही. चांगला माणूस.

३ फेब्रुवारी

व. अंघोळीला गेली आणि बराच वेळ आवाज नाही. पाण्याचा नाही, कशाचाच नाही. दार वाजवलं. उत्तर नाही. परत वाजवलं, मग दोन्ही हातांनी. शेवटी कडी काढून बाहेर आली, कोरडीच. "बसले होते नुसती. काय झालं?"

ती झोपल्यावर स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि दाराची आतली कडी काढून टाकली.

४ फेब्रुवारी

"आई, बाथरूमची कडी कुठे गेली?"

"गंजली होती गं."

माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं. मला कळलं तिला कळलं ते. दोघी पोहे खात बसलो.

६ फेब्रुवारी

पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना एकटी जाऊन विचारून आले. म्हणाल्या, घेऊन या, एकटं ठेवू नका, बोलत राहा. घेऊन कशी येऊ? काखोटीला मारून?

ज्येष्ठांची यादी अर्धवट पडलीय. मन लागत नाही. भाऊ म्हणाले, "राहू द्या ताई, झालं तेवढं मी टाइप करून घेतो." चारही कागद त्यांच्याकडे दिले.

८ फेब्रुवारी

काय करून बसले मी.

भाऊंनी याद्या टाइप करून आजच विहाराच्या फळ्यावर लावल्या, लोकांना आधी कळू दे म्हणून. खालच्या ओळींसकट. कारण आमच्या याद्यांना त्या ओळी असतातच. चौथीखाली माझंच लिहिलेलं, ठळक अक्षरात:

"वर्षानुवर्षं हेडफोन लावून दुसऱ्यांचं बोलणं ज्यांनी टाइप केलं, आणि शेवटी यंत्रालाही शिकवलं, त्यांनी आधी दुसरं वाचावं. पक्ष्यांचं पुस्तक कधीही."

अख्ख्या वस्तीत हेडफोन लावून टाइप करणारी एकच आहे.

मी संध्याकाळी गेले तेव्हा दिसलं. ओढून काढलं, पिना हातात घुसल्या. पण दुपारी महिला मंडळाची बैठक होऊन गेलेली. पाटीलबाई मंडळात आहेत.

धावत घरी. व. झोपलेली. देवा... आमच्यात देव कसला, कुणाला म्हणू... सकाळी मीच सांगणार तिला. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत.

९ फेब्रुवारी

मी दूध आणायला खाली गेले तेवढ्यात. पाटीलबाई दारात आल्या. चांगल्याच मनाने आल्या असणार. "वर्षा, काळजी करू नकोस गं, माझ्या भाच्याच्या ऑफिसात शब्द टाकते. आईने फळ्यावर लावलंय ते वाचलं, डोळ्यांत पाणीच आलं बघ."

मी वर आले तर व. कपडे घालून उभी. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं.

"माझी यादी केलीस?"

"वर्षा, ऐक..."

"मी तुला हात धरून सांगितलेलं."

"मी नाव नाही लिहिलं गं."

"नाव कशाला लागतं, आई? तू लिहिलंस ना. तू लिहिलं की माणूस दिसतंच."

खांद्याला बॅग, चपला घातल्या. मी जिन्यात तिचा हात धरला, तिने हळूच सोडवला. हळूच. त्या हळूचने मला मारलं.

फोन बंद. दिवसभर बंद.

१० फेब्रुवारी

रात्रभर बसून. शकूला विचारलं, तिच्याकडे नाही. सकाळी गायकवाड भाऊ आले. ओळी तशाच टाइप केल्या म्हणून त्यांचा चेहरा उतरलेला. "ताई, मला कळायला हवं होतं." म्हटलं, भाऊ, लिहिलं मी. "चला, शोधू," म्हणाले. दम लागतो तरी कल्याणचा जिना चढले माझ्याबरोबर. तिच्या ऑफिसातली स्मिता कल्याणला राहते.

स्मिता म्हणाली, "काकू, रात्री माझ्याकडेच होती. आत्ताच निघाली. कुठे ते बोलली नाही." तिलाही काढलंय. आता मेंदीच्या ऑर्डरी घेते, हात रंगलेले. मी विचारलं, तू कशी उभी राहिलीस? म्हणाली, "उभी कुठे काकू. पण मी एवढं मन लावून काम केलंच नव्हतं. वर्षाचं तसं नाही."

चौकीत जायचं ठरवत होतो, तेवढ्यात शकूचा फोन. "आक्का, आली. माझ्याकडे आलीय. जेवत नाही, पण आहे."

रस्त्यातच खाली बसले. भाऊ बिचारे पाण्याची बाटली घेऊन उभे.

११ फेब्रुवारी

शकू म्हणते, तू इतक्यात येऊ नकोस. तिने सांगितलंय.

शकूला सांगितलं, खाडीकडच्या बाल्कनीचं दार लावून ठेव. ती म्हणाली, "मी तिच्या शेजारीच झोपते, आक्का. पोरगी आहे माझी पण."

१३ फेब्रुवारी

घर खायला उठतं. दोन कप चहा केला. एक ओतून टाकला.

१५ फेब्रुवारी

वाचनालय उघडलं, बसायला कुठेतरी हवं म्हणून. एक माणूस आला, छपाईच्या दुकानात मजकूर जुळवायचा तो, ओळखीचा चेहरा. इकडेतिकडे बघून हळू आवाजात, "मावशी, त्या चौथ्या यादीतलं दुसरं आहे का?" म्हटलं, यादी फळ्यावरून काढून टाकली मी. म्हणाला, "फोटो काढून ठेवलेला मी." मोबाइल दाखवला. माझ्या त्या ओळी. "कार्डावर नाव नका लिहू. घरी सांगितलं नाही अजून."

त्याच्यानंतर एक मुलगी. तिचं तेच. ती फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. म्हणाली, "आजी, हे माझ्यासाठीच लिहिलंय असं वाटलं."

नाही गं बाळा, तुझ्यासाठी नव्हतं. ज्या एकीसाठी होतं तिच्यावर वार झाला, आणि मलमपट्टी दुसऱ्यांची.

याला काय म्हणू? आनंद मानू? मानवत नाही.

१८ फेब्रुवारी

शकूचा फोन. डॉक्टरकडे नेलं तिने व.ला. गेली! मावशीबरोबर गेली. औषध सुरू. झोपेचं नाही, मनाचं, असं शकू म्हणते. वेळ लागेल म्हणाले.

दुपारी हिराबाई मासे विकून झाले की वर येऊन बसते म्हणे. बडबड बडबड करते, जावेचं, होडीचं, पालिकेचं. व. ऐकते.

"काही बोलते का?"

"नाही. नुसती ऐकते."

"पाय हलतो का गं तिचा?"

"हलतो, आक्का."

२० फेब्रुवारी

गायकवाड भाऊ बाळकुमला त्यांच्या मुलीकडे जाणार होते. त्यांच्याबरोबर पिशवी दिली. कात्रणाची झेरॉक्स, दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरची पुस्तकं, आणि पक्ष्यांचं. चिठ्ठी लिहिली, फाडली. परत लिहिली, फाडली. लिहिण्यानेच तर झालं सगळं. नुसतीच पिशवी दिली.

२५ फेब्रुवारी

पिशवी परत आली, भाऊंच्याच हातून.

दुसऱ्या नंबरचं उघडलं. पहिल्या प्रकरणाचा शेवट. छत्री नाही. पान उन्हात धरून बघितलं. मग दुसरं प्रकरण, तिसरं, शेवटपर्यंत. नाही. तिसऱ्या नंबरच्यातही नाही. पक्ष्यांच्या पुस्तकात त्याच चार जुन्या. पाचवी नाही.

"भेटली का तुम्हाला?"

"भेटली. जय भीम काका म्हणाली, चहा दिला." भाऊ चष्मा पुसत बसले. "बारीक झालीय, ताई."

इतक्या लोकांना पुस्तकं दिली. घरच्या माणसाला कसं द्यायचं, हे मला आलं नाही. हरले. इथे लिहून ठेवते, हरले.

२७ फेब्रुवारी

कार्यक्रम झाला. भाऊंनी चारही याद्या वाटल्या, चौथीखालच्या ओळी काढून. मला बोलायला उभं केलं. दोनच वाक्यं बोलले. म्हटलं, यादीत जी पुस्तकं आहेत ती मी वाचलीत. ज्यांच्यासाठी केली त्यांना मात्र विचारायचं राहिलं.

टाळ्या वाजल्या. कशाला ते कळलं नाही.

पाटीलबाई शेवटी जवळ आल्या. "वर्षाच्या आई, माझ्यावर राग आहे का?" म्हटलं, नाही हो. तुम्ही वाचायला शिकलात तेच आमच्या वाचनालयात. त्या रडल्या. मग मीही. फळ्यासमोर दोघी म्हाताऱ्या.

२ मार्च

कोरडी भाकरी. बाकी काही नाही.

५ मार्च

फोन. शकूचा नंबर, आवाज व.चा.

"आई, घरी मोठा स्क्रू ड्रायव्हर आहे ना अजून?"

"आहे. का गं?"

"बरं." ठेवला.

का विचारलं असेल? शकूला उलट फोन केला, ती म्हणते मला काय माहीत, बाजारात गेलीय हिराबाईबरोबर.

६ मार्च

आली. सकाळी, मी भांडी घासताना. किल्ली तिच्याकडे होतीच. बारीक झालीय, भाऊ म्हणाले तशी. केस विंचरलेले. अंगाला मासळीचा वास.

मी ओले हात घेऊन उभी. जवळ जाऊ का नको कळेना. म्हणाली, "चहा टाक ना." टाकला.

चहा घेता घेता माझी नजर टेबलावरच्या त्या दुसऱ्या नंबरच्या पुस्तकाकडे गेली, तिचीही गेली. विचारायचं नव्हतं, तोंडातून निघालंच. "वाचलंस?"

"अर्धं."

"खूण नाही दिसली."

"अर्ध्याला खूण नसते करायची, आई." मग कप खाली ठेवून, "आणि तिसऱ्या नंबरचं काढून टाक. ज्याचं काम कधी गेलंच नाही त्याने लिहिलंय ते. कळतं."

मी म्हटलं, "तुझ्याविषयी लिहिलं, ते न विचारता..."

"ते नको आता. मला राग आहे अजून. असू दे."

"असू दे," मी म्हटलं.

मग तिने बॅगेतून कागदाची पुडी काढली. कोलशेतच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली. आत नवी कडी, चकचकीत, चार स्क्रू. माझ्याकडे हात पुढे केला. मी स्क्रू ड्रायव्हर आणून दिला. नाही म्हणता आलं असतं. दिला.

बाथरूमच्या दाराला जुनी भोकं होतीच. एकेक स्क्रू बसवला. दोनदा कडी लावून, काढून बघितली. मग खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाली, "अंघोळ करून येते."

"दार..." एवढंच म्हणाले मी.

"लावणार आहे, आई."

आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

मी बाहेर भिंतीला टेकून खाली बसलेय, मांडीवर वही. दार वाजवणार नाही. पाणी सुरू झालंय. बादलीत पडतंय, अजून बादली रिकामी आहे, आवाज खोल येतोय. आता भरत आली.

नळ बंद झाला.

ऐकतेय.